नावाचा मग

1880 च्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या चांगल्या चालत्या सलूनमध्ये शिरलं, की भिंतीला लावलेलं लहान-लहान कप्प्यांचं फडताळ नजरेत भरे. प्रत्येक कप्प्यात चिनीमातीचा एक मग आणि त्यावर सोनेरी अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव. सरळ वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करणं सगळ्यांना जमत नसे. नेमाचं गिऱ्हाईक आठवड्यातून दोन-तीनदा न्हाव्याकडेच येई. न्हावी त्याचा मग काढी, तळाशी बसवलेल्या साबणाच्या वडीवर ओला ब्रश घुमवी आणि फेस उठवी. जुन्या मगांचा माग काढायचा तर या फडताळापासूनच सुरुवात करावी, कारण या वस्तूचं नशीब सलूनशी बांधलेलं होतं.

त्याआधी युरोपातल्या न्हाव्याचं मुख्य भांडं होतं पितळेचं पसरट पात्र. त्याच्या काठाला अर्धगोल खाच असे. ती गळ्याशी लावली की पाणी अंगावर ओघळत नसे. सर्व्हांतेसच्या 1605 मधल्या कादंबरीत डॉन किहोते जे सोन्याचं शिरस्त्राण समजून हिसकावतो, ते हेच पात्र. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरी वापरायचं वेगळं भांडं आलं. त्याच्या पोटात गरम पाणी, वर साबणासाठी भोकं पाडलेली ताटली आणि पुढे ब्रश बुडवण्यापुरतं रुंद तोंड. कोळशाच्या बादलीसारखा आकार म्हणून त्याला ‘स्कटल’ म्हणत.

अमेरिकी सलूनमधला मग याहून साधा, पण त्याचा प्रवास लांबचा. कोरे पांढरे मग बहुतेक फ्रान्समधल्या लिमोजहून किंवा जर्मनी-ऑस्ट्रियातून येत. लिमोजजवळ 1768 मध्ये उत्तम पांढरी माती सापडली होती, आणि अमेरिकेचा डेव्हिड हॅविलंड 1842 मध्ये तिथेच जाऊन राहिल्यावर तिथली भांडी त्याच्या देशात भरभरून जाऊ लागली. सेंट लुईसची कोकेन, शिकागोची कॉक्स अशा न्हाव्यांना सामान पुरवणाऱ्या कंपन्या हे कोरे मग सजवून देत. त्यांचे चितारी झिलईवर रंग भरत, सोन्यानं नाव लिहीत आणि मग पुन्हा भट्टीत घालत.

नावाच्या जोडीला धंद्याचं चित्र आलं, तेव्हा या मगाला खरा रंग चढला. घोड्याला नाल ठोकणारा लोहार, बैलासमोर उभा खाटीक, इंजिन चालवणारा रेल्वेवाला, दुकानात कापड दाखवणारा व्यापारी. कुणी आपल्या बंधुमंडळाची खूण काढून घेई. फ्रीमेसन आणि ऑड फेलोज यांची चिन्हं फार दिसतात. मला या मगांचं मोल इथे वाटतं. ज्या माणसाचं तैलचित्र कुणी कधी काढणार नव्हतं, त्याचं काम कुणीतरी बारीक कुंचल्यानं रंगवलं आणि ते चारचौघांसमोर मांडून ठेवलं. खाटीक आणि रेल्वेवाले बरेच सापडतात. दुर्मीळ धंद्याच्या मगासाठी संग्राहक कितीतरी जास्त पैसे मोजतात.

आपला मग वेगळा असला की दुसऱ्याच्या दाढीची खरूज आपल्याला लागणार नाही, अशीही समजूत होती. ब्रश आणि वस्तरा मात्र बहुधा सगळ्यांना एकच असे, त्यामुळे या संरक्षणात फारसा दम नव्हता.

फडताळ रिकामं केलं ते किंग कॅम्प जिलेटच्या सेफ्टी रेझरनं. 1903 मध्ये त्याची 51 रेझर विकली गेली. पुढच्याच वर्षी 90 हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर घेतली. घरी दाढी करायची सवय लागलेली ती मुलं परत आली आणि न्हाव्याकडे फक्त केस कापायला जाऊ लागली. त्याच युद्धकाळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरला, माणसं दगावली. फेसाच्या सगळ्या सरंजामाकडेच लोक धास्तीनं पाहू लागले. घरी मग लागत होता, पण त्यावर नाव कशाला हवं? 1930 च्या दशकाच्या अखेरीस शुल्टन कंपनीनं ओल्ड स्पाइसचा मग काढला, त्यावर गिऱ्हाइकाऐवजी जहाज आलं. आपल्याकडच्या घरांत आफ्टरशेव्हच्या पांढऱ्या बाटलीवर दिसलेलं जहाज त्याच घराण्यातलं.

मग हाती आला तर आधी उलटा करावा. 1890 च्या अमेरिकी मॅकिन्ली कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. म्हणून देशाचं नाव असलेला मग बहुधा त्यानंतरचा. नाव नसलं म्हणून तो जुनाच, असं मात्र नाही. तेव्हा कागदी चिठ्ठीही चिकटवत. नंतर मग उजेडासमोर धरावा: अस्सल पोर्सेलिनमधून बोटांची सावली दिसते. भिंगाखाली चित्र एकसारख्या ठिपक्यांचं दिसलं तर ते छापील. कुंचल्याच्या रंगाला जाडी असते, फटकारे असतात. सोनं काठावर आणि कानावर झिजलेलं हवं, कारण हात आणि ब्रश तिथेच लागतात. चित्र आणि नाव कोरं करकरीत आणि बाकी मग म्हातारा असेल, तर जुन्या कोऱ्या मगावर नंतर कुणीतरी रंगकाम केलंय असं समजावं. अशी नक्कल विसाव्या शतकात खूप झाली.

वापरायला मला साधा, बिनचित्राचा जुना मग आवडतो. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि सोनं तर रोजच्या घासण्यानं जातंच. चित्राचा मग कपाटात बरा. साध्या मगात उकळतं पाणी एकदम ओतू नये, आधी कोमट पाण्यानं ऊब द्यावी. ब्रश चांगला भिजवून जवळजवळ निथळू द्यावा, वडीवर अर्धा मिनिट घुमवावा आणि मग थेंब-थेंब पाणी घालत फेस दाट होऊ द्यावा. झाल्यावर पाणी काढून मग उघडा वाळवावा, नाहीतर वडी खाली चिकट होते. कानाच्या बुडाशी बारीक तडा दिसत असेल, तर तो मग वापरायला काढूच नये. ओल्या, साबणाच्या हातात कान तिथेच तुटतो.