मोटारसायकल व ऑफ-रोड वाहनांतील रोटरी इंजिन

मोटारसायकल व ऑफ-रोड वाहनांतील रोटरी इंजिन म्हणजे पुढे-मागे सरकणाऱ्या दट्ट्याऐवजी फिरणारा त्रिकोणी रोटर वापरणाऱ्या अंतर्ज्वलन इंजिनाचा दुचाकींत आणि कच्च्या, डोंगराळ वा रस्ता नसलेल्या भूभागावर चालणाऱ्या वाहनांत केलेला वापर. जर्मन अभियंता फेलिक्स व्हांकेल यांच्या नावावरून हे इंजिन व्हांकेल इंजिन म्हणूनही ओळखले जाते. कमी वजन, लहान आकार आणि अत्यल्प कंपन हे याचे गुण, तर जास्त इंधनखप, तप्त उत्सर्ग आणि सीलची झीज हे दोष मानले जातात. १९७० च्या दशकापासून अनेक कंपन्यांनी अशा मोटारसायकली बाजारात आणल्या. मात्र त्यांपैकी एकही दीर्घकाळ मोठ्या प्रमाणावर विकली गेली नाही. भारतात या इंजिनाचा विकास मुख्यतः वैमानिकरहित विमानासाठी झाला असून त्यात महाराष्ट्रातील अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा सहभाग होता.

संज्ञा

'रोटरी इंजिन' ही संज्ञा दोन भिन्न रचनांसाठी वापरली जाते. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या रोटरी इंजिनांत दट्टे नेहमीसारखेच असत, पण स्थिर दंडाभोवती सर्व सिलिंडर फिरत. या तत्त्वावर आधारित पाच सिलिंडरांचे इंजिन पुढच्या चाकात बसवलेली मेगोला ही मोटारसायकल १९२० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक येथे तयार होत असे. या लेखात विचार केलेले व्हांकेल इंजिन त्याहून पूर्णतः वेगळे आहे.

रचना व कार्य

व्हांकेल इंजिनाच्या कवचाची आतील बाजू मध्यभागी किंचित आवळलेल्या लंबगोलासारखी असते. त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर उत्केंद्री दंडावर फिरतो. रोटरची तिन्ही टोके कवचाला सतत स्पर्श करत राहिल्यामुळे तीन स्वतंत्र कक्ष तयार होतात. रोटर फिरताना प्रत्येक कक्षाचे घनफळ कमी-जास्त होते आणि अंतर्ग्रहण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या चारही क्रिया क्रमाने घडतात. रोटरच्या एका फेरीत उत्केंद्री दंडाच्या तीन फेऱ्या होतात. त्यामुळे प्रत्येक रोटरमागे दंडाच्या दर फेरीला एक शक्ति-क्रिया मिळते. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात ती दर दोन फेऱ्यांनी मिळते. याच कारणाने लहान आकाराचे रोटरी इंजिन अधिक शक्ती देते.

या इंजिनात झडपा, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन व कनेक्टिंग रॉड नसतात. मिश्रण आत घेण्याचे व बाहेर सोडण्याचे मार्ग कवचातच असतात आणि रोटरच त्यांची उघडझाप करतो. ज्वलनकक्ष लांबट व अरुंद असल्याने ज्योत सर्वत्र वेळेत पोहोचावी म्हणून अनेक रोटरी इंजिनांत प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग देतात.

रोटरच्या टोकांवरील सील हा इंजिनाचा सर्वांत नाजूक भाग होय. सीलच्या थरथरीमुळे कवचाच्या आतील पृष्ठभागावर ओरखडे पडणे ही सुरुवातीच्या काळातील मोठी अडचण होती. तिच्यावरील उपायांपैकी एक म्हणजे निकेल व सिलिकॉन कार्बाइड यांचा संयुक्त लेप. जर्मनीतील माहले कंपनीने हा लेप मूळात व्हांकेल इंजिनासाठी विकसित केला. पुढे तो दट्ट्याच्या इंजिनांतही रुळला. चाकण येथे तयार होणाऱ्या केटीएमच्या काही मोटारसायकलींच्या सिलिंडरांना याच प्रकारचा लेप असतो.

मोटारसायकलींतील इतिहास

जर्मनीच्या एनएसयू कंपनीत व्हांकेल यांचे पहिले इंजिन १९५७ मध्ये चालले. त्याच कंपनीतील हान्स डीटर पाश्के यांनी त्याची रचना सुटसुटीत केली आणि आजची रोटरी इंजिने त्याच धाटणीची आहेत. एनएसयूकडून परवाना घेणाऱ्यांत जपानमधील माझदा व सुझुकी, अमेरिकेतील कर्टिस-राइट आणि जर्मनीतील फिख्टेल उंड झाक्स या कंपन्या होत्या.

हर्क्युलिस डब्ल्यू-२०००: जर्मनीत १९७४ पासून विकली गेलेली ही मोटारसायकल फिख्टेल उंड झाक्सच्या २९४ घनसेंमी, हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालत असे. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे.

सुझुकी आरई५: १९७४ ते १९७६ या काळात सहा हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. ४९७ घनसेंमीचे एक-रोटर इंजिन सुमारे ६२ अश्वशक्ती देत असे. कवच पाण्याने आणि रोटर तेलाने थंड करण्याच्या व्यवस्थेमुळे गाडी जड व गुंतागुंतीची झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर लगेच बाजारात आल्याने तिचा इंधनखप ग्राहकांना विशेष खटकला.

व्हॅन व्हीन ओसीआर १०००: नेदरलँड्समधील या कंपनीने दोन रोटरांच्या इंजिनावर सुमारे १०० अश्वशक्तीची महागडी मोटारसायकल तयार केली, तिचे उत्पादन काही डझनांतच आटोपले.

नॉर्टन: ब्रिटनमधील नॉर्टनने दोन रोटरांचे ५८८ घनसेंमीचे इंजिन १९८० च्या दशकात प्रथम पोलिसांच्या मोटारसायकलींत वापरले. १९८७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी क्लासिक हे १०० गाड्यांचे मर्यादित मॉडेल आले. स्टीव्ह हिस्लॉप यांनी १९९२ मध्ये नॉर्टन रोटरीवर आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यत जिंकली. शर्यतीतले हे यश विक्रीत मात्र उतरले नाही.

यामाहाने १९७२ मध्ये टोकियो येथे आरझेड२०१ ही रोटरी मोटारसायकल प्रदर्शित केली, पण ती विक्रीस आली नाही. नॉर्टनच्या शर्यती विभागातील अभियंता ब्रायन क्राइटन यांनी २०२१ मध्ये ६९० घनसेंमीची, २२० अश्वशक्तीची व सुमारे १३० किलोग्रॅम वजनाची सीआर७००डब्ल्यू ही मोटारसायकल सादर केली. ती केवळ बंदिस्त धावपट्टीसाठी असून तिच्या २५ गाड्यांचीच योजना जाहीर झाली.

ऑफ-रोड वाहनांतील वापर

रस्त्याबाहेरच्या वाहनांपैकी रोटरी इंजिन प्रथम बर्फावरील स्नोमोबाइलमध्ये रुळले. आर्क्टिक कॅट या अमेरिकी कंपनीने फिख्टेल उंड झाक्सची लहान रोटरी इंजिने वापरली. हर्क्युलिसचे इंजिनही त्याच कुळातले होते. थंड हवेमुळे इंजिन तापण्याचा प्रश्न सौम्य होई आणि बर्फावर धूळ नसल्याने सीलचे आयुष्यही जपले जाई.

माझदाने १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेसाठी रोटरी पिकअप हे हलके मालवाहू वाहन आणले. १९७७ नंतर ते बंद झाले. ट्रॅक्टरनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन डीअरने १९८४ मध्ये कर्टिस-राइटचा रोटरी इंजिन विभाग विकत घेतला. एकाच इंजिनात पेट्रोल, डिझेल व विमानाचे इंधन यांपैकी काहीही वापरता यावे, हा त्यामागील हेतू होता. मात्र हे इंजिन शेतीच्या यंत्रांपर्यंत पोहोचले नाही. पुण्याजवळ सणसवाडी येथे असलेल्या याच कंपनीच्या कारखान्यातील ट्रॅक्टर नेहमीच्या डिझेल इंजिनावरच चालतात.

महाराष्ट्र व भारत

भारतीय बनावटीच्या पहिल्या व्हांकेल इंजिनाचा विकास तीन संस्थांनी मिळून केला. बंगळूर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतीव भाग व निकेल-सिलिकॉन कार्बाइडच्या लेपासह मूळ इंजिन तयार केले. अहमदनगरच्या वाहन संशोधन व विकास आस्थापनेने प्रज्वलन व इंधन यंत्रणा विकसित केल्या. बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने उड्डाण-चाचणीची जबाबदारी घेतली. सुमारे ३० किलोग्रॅम वजनाचे हे ५५ अश्वशक्तीच्या वर्गातील इंजिन निशांत या वैमानिकरहित विमानात बसवण्यात आले. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ दुसऱ्या महायुद्धकाळातील जुन्या धावपट्टीच्या परिसरातून झालेल्या पहिल्या उड्डाणात विमान एकूण सुमारे ४० मिनिटे हवेत होते. आयात इंजिनाची जागा या इंजिनाने घ्यावी असा हेतू होता. २०१५ मध्ये लष्कराने निशांतची पुढील खरेदी थांबवली.

अहमदनगरची ही आस्थापना संरक्षण संशोधन व विकास संघटनेची (डीआरडीओ) असून लष्करी वाहनांचा विकास हे तिचे मूळ काम आहे. चाकी व साखळीपट्ट्यांच्या वाहनांच्या चाचण्यांसाठी तिच्याकडे खास धावपट्ट्या आहेत. त्यामुळे दुर्गम भागात चालणाऱ्या वाहनांचा आणि रोटरी इंजिनाचा अनुभव महाराष्ट्रात एकाच संस्थेत एकत्र आला आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

पिंपरी, आकुर्डी, भोसरी व चाकण हा देशातील प्रमुख वाहननिर्मिती पट्टा आहे. सांगवी, पिंपळे गुरव यांसारख्या निवासी उपनगरांतील अनेक कुटुंबांची उपजीविका येथील कारखान्यांवर व त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांवर चालते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था वाहनांच्या चाचण्या व प्रमाणीकरण करते.

या पट्ट्यातील लघुउद्योगांचा मोठा भाग दट्ट्याच्या इंजिनाशी जोडलेला आहे. दट्टे, रिंगा, झडपा, कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांचे ओतकाम, घडकाम व यंत्रकाम येथे होते. रोटरी इंजिनात यांपैकी बहुतेक भाग लागत नाहीत. त्याऐवजी कवचाच्या वक्र पृष्ठभागाचे सूक्ष्म घर्षणकाम, विशेष लेप आणि सील लागतात. म्हणजे नव्या इंजिनाबरोबर यंत्रसामग्री व कारागिरीही बदलावी लागेल. विजेवरील वाहनांमुळे, उदाहरणार्थ आकुर्डीत तयार होणाऱ्या चेतक स्कूटरमुळे, या भागांची गरज तशीही घटू लागली आहे. मर्यादित काळासाठी दुसऱ्या अंतर्ज्वलन इंजिनात भांडवल गुंतवावे का, हा प्रश्न म्हणूनच या पट्ट्यासाठी केवळ तांत्रिक राहत नाही.

फायदे व मर्यादा

ऑफ-रोड मोटारसायकल वारंवार उचलावी, वळवावी व चिखलातून ओढावी लागते. हलके व बुटके इंजिन तेथे उपयोगी पडते. कंपन कमी असल्याने चालकाच्या हातांना कमी थकवा येतो. मात्र पुढील अडचणी गंभीर आहेत.

कमी फेऱ्यांवरील जोर: मोटारसायकलींच्या रोटरी इंजिनांचा जोर बहुधा जास्त फेऱ्यांवर मिळतो. खडकाळ चढावर मात्र तो मंद गतीतच हवा असतो.

इंजिन-ब्रेक: थ्रॉटल सोडल्यावर रोटरी इंजिन गाडीला फारसे रोखत नाही. सह्याद्रीच्या घाटांसारख्या लांब उतारावर त्यामुळे ब्रेकांवर अधिक भार येतो.

उष्णता: उत्सर्ग वायू अतिशय तप्त असतात. संथ गतीने, जड भारासह व उन्हाळ्यात चालणाऱ्या गाडीला मोठा रेडिएटर लागतो आणि वजनाचा फायदा काही अंशी नाहीसा होतो.

धूळ: हवेच्या गाळणीतून सुटलेले कण सील व लेप दोन्ही झिजवतात.

इंधन व प्रदूषण: लांबट कक्षाच्या थंड भिंतींजवळ काही मिश्रण न जळता राहते. सीलच्या वंगणासाठी थोडे तेलही जळते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेली बीएस-६ मानके पाळणे त्यामुळे कठीण होते. मायलेज पाहून दुचाकी निवडणाऱ्या भारतीय ग्राहकाला जास्त इंधनखप परवडत नाही.

घनफळाची मोजणी: प्रत्येक रोटरला तीन कक्ष असल्याने इंजिनाचे घनफळ कसे मोजावे यावर शर्यतींच्या नियमांतही वाद झाले आहेत. जपानमध्ये कर आकारताना रोटरी इंजिनाचे घनफळ दीडपट धरतात. भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंमीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या इंजिनांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. मोजणीची पद्धत बदलल्यास एकच गाडी दोन वेगळ्या करगटांत जाऊ शकते.

भावी शक्यता

अलीकडच्या काळात रोटरी इंजिनाचा विचार चाके फिरवण्याऐवजी वीज निर्माण करण्यासाठी होत आहे. माझदाने २०२३ मध्ये एमएक्स-३० आर-ईव्ही या मोटारीत ८३० घनसेंमीचे एक-रोटर इंजिन केवळ जनित्र चालवण्यासाठी बसवले. अशा मांडणीत इंजिन ठराविक फेऱ्यांजवळ चालवता येते. कमी फेऱ्यांवरील जोर व इंजिन-ब्रेक या दोन्ही बाबी विजेच्या मोटरकडे जातात. लहान आकार व कमी कंपन हे गुण मात्र टिकून राहतात.

चार्जिंगची सोय नसलेल्या भागांत जाणाऱ्या लष्करी, वनविभागाच्या किंवा आपत्ती-निवारणाच्या ऑफ-रोड वाहनांसाठी ही मांडणी सर्वांत सयुक्तिक ठरते. मोटारसायकलीत बॅटरी, मोटर व जनित्र या तिन्हींना पुरेशी जागा मिळत नाही. त्यामुळे दुचाकींतील रोटरी इंजिन शर्यती व संग्राहकांसाठीच्या मर्यादित उत्पादनापुरतेच राहिले आहे.