महाराष्ट्रातील खुल्या मैदानावरील रॉक महोत्सव

महाराष्ट्रातील खुल्या मैदानावरील रॉक महोत्सव हे प्रामुख्याने मुंबई आणि पुणे या शहरांत भरणारे, साधारणतः एक ते तीन दिवस चालणारे संगीत महोत्सव होत. रॉक व इंडी रॉक हा त्यांचा गाभा असून अलीकडच्या काळात लोकसंगीतावर आधारित फ्यूजन, हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतालाही त्यांत स्थान मिळाले आहे. युरोप व अमेरिकेत असे महोत्सव उन्हाळ्यात भरतात. महाराष्ट्रात मात्र ते मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चच्या पूर्वार्धापर्यंत होतात. उन्हाची तीव्रता, चार महिन्यांचा पावसाळा आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर असलेली बंदी यांमुळे त्यांचे वेळापत्रक मूळ नमुन्याहून वेगळे झाले आहे.

संज्ञा

'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाविना, स्वतःच्या किंवा लहान संस्थांच्या बळावर संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कलावंतांसाठी ते ब्रिटनमध्ये रूढ झाले. पुढे त्याला एका संगीतशैलीचाही अर्थ चिकटला. भारतात हा शब्द अधिक सैल अर्थाने वापरला जातो. चित्रपटसंगीताच्या बाहेर राहून स्वतःची गाणी स्वतः रचणारा कोणताही बँड येथे 'इंडी' ठरतो. ज्या देशात लोकप्रिय संगीत म्हणजे बहुतांशी चित्रपटगीत, तेथे हे वर्गीकरण स्वाभाविकच म्हणावे लागेल.

पूर्वपीठिका

ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे एका दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव झाला, तर १९७० मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात ग्लॅस्टनबरी महोत्सवाची सुरुवात झाली. वुडस्टॉकचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळील मळवली येथे 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानावरील महोत्सव भरला होता. त्याला 'भारताचे वुडस्टॉक' असेही म्हटले जाते.

मुंबईत धोबीतलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह पुढील काळात अशा संगीताचे केंद्र बनले. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये सुरू झालेल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांनी येथे वादन केले. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू केला. रसिकांत तो 'आय-रॉक' या नावाने ओळखला गेला आणि दीर्घकाळ रंगभवनातच होत राहिला. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या भर पावसाळ्यात, उघड्यावर भरणारा हा महोत्सव ऋतूच्या दृष्टीने अपवादच होता. रॉक मशीन (१९९३ पासून इंडस क्रीड), पेंटाग्राम, परिक्रमा, झीरो इत्यादी बँड तेथील श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. आरंभीच्या काळात बँडने परदेशी गाजलेली गाणी हुबेहूब वाजवावीत अशीच श्रोत्यांची अपेक्षा असे. स्वतःची रचना सादर करणे धाडसाचे मानले जाई. भारतीय रॉकला स्वतःचा श्रोता मिळण्यास त्यामुळे विलंब लागला.

रंगभवनाच्या निकट सेंट झेवियर्स महाविद्यालय तसेच कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये आहेत. त्यामुळे हा परिसर शांतता क्षेत्रात मोडला आणि २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेथील मैफली बंद झाल्या. आय-रॉक अन्यत्र हलला, २०१३ नंतर खंडित झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये माझगाव येथे पुन्हा भरला. पुनरागमनासाठी ऑगस्टऐवजी नोव्हेंबर निवडला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

पुणे आणि बहुमंचीय महोत्सव

१० ते १२ डिसेंबर २०१० या काळात पुण्यातील कोरेगाव पार्क येथे 'एनएच७ वीकेंडर' हा महोत्सव प्रथम झाला. 'ओन्ली मच लाउडर' या संस्थेचे विजय नायर आणि ग्लॅस्टनबरीच्या कार्यक्रमनियोजनाचा अनुभव असलेले मार्टिन एल्बोर्न हे त्याच्या प्रवर्तकांपैकी होत. एकाच मैदानात अनेक रंगमंच, प्रत्येक रंगमंचाची वेगळी संगीतशैली आणि श्रोत्याने आपल्या आवडीनुसार एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहणे ही रचना त्याने येथे रुजवली. एक रंगमंच तर बसच्या टपावर उभारलेला असे. पहिल्या वर्षी ब्रिटनमधील एशियन डब फाउंडेशन, २०११ मध्ये गायिका इमोजेन हीप आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील द ल्युमिनियर्स हे पाहुणे कलावंत होते. तथापि कार्यक्रमाचा मोठा भाग भारतीय बँडचाच राहिला. २०१२ पासून महोत्सव दिल्ली व बंगळूर येथे आणि २०१५ पासून मेघालयातही विस्तारला.

पुण्याची निवड आकस्मिक नव्हती. महाविद्यालयीन व माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुणांची मोठी संख्या, मुंबईहून काही तासांचे अंतर, शहराच्या पूर्व भागातील मोकळी मैदाने आणि हिवाळ्यातील कोरडी, थंड हवा यांचा त्यात वाटा आहे. शिवाय खुल्या मंडपात दिवसचे दिवस संगीत ऐकण्याची सवय पुण्याला १९५३ पासून, सवाई गंधर्व महोत्सवामुळे, होतीच. त्याचा काळही डिसेंबरचाच.

अमेरिकेतील लोलापलूझा महोत्सवाची भारतीय आवृत्ती २८ व २९ जानेवारी २०२३ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर झाली. द स्ट्रोक्स हा न्यूयॉर्कचा इंडी रॉक बँड तिच्या प्रमुख आकर्षणांपैकी होता. हाच महोत्सव शिकागोत जुलै-ऑगस्टच्या संधिकाळात, म्हणजे तेथील उन्हाळ्यात, भरतो. मुंबईतील २०२५ ची आवृत्ती ८ व ९ मार्च रोजी झाली. महाराष्ट्रात त्याहून पुढे, एप्रिल-मेमध्ये, मोठा महोत्सव घेणे आयोजक टाळतात.

उन्हाळा आणि सोलापूर

हे टाळण्याचे कारण सोलापूरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दख्खनच्या पठारावरील या शहरात एप्रिल-मेमध्ये दिवसाचे कमाल तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. काळी जमीन, विरळ झाडी आणि कोरडी हवा यांमुळे दुपारी मैदानावर थांबणे कठीण होते. बहुमंचीय महोत्सव दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो. नवोदित बँडना हीच वेळ मिळते. उन्हाळ्यात दुपार वगळली तर नेमका नवोदितांचाच कार्यक्रम रद्द होतो.

समुद्राकाठी तापमान कमी असले तरी दमटपणामुळे धोका टळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यास उपस्थित राहिलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तो संगीताचा कार्यक्रम नव्हता. परंतु सावलीविना तासन्‌तास बसलेल्या गर्दीचे काय होऊ शकते, हे त्यातून दिसून आले.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात उघड्यावर संगीत होतच नाही, असे मात्र नाही. चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा हा तमाशाच्या फडांचा सर्वांत भरगच्च हंगाम होय. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी सुपारी देऊन खेळ ठरवतात. हा खेळ पूर्वी रात्री उशिरा उभा राहून पहाटेपर्यंत चाले. रात्र निवडून उन्हावर केलेली ही मात होती.

खुद्द सोलापूरचा सर्वांत मोठा मैदानी उत्सव, ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मकरसंक्रांतीला म्हणजे जानेवारीत होम मैदानावर भरतो. रॉक महोत्सवासाठी सोलापूरच्या रसिकाला सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते. पुण्याहून सोलापूरला येणारी हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सुटते, तर प्रमुख बँड त्यानंतर रंगमंचावर येतो. त्यामुळे एका दिवसाच्या तिकिटालाही मुक्कामाचा किंवा रात्रीच्या प्रवासाचा खर्च जोडला जातो. दुसरीकडे, सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या विठ्ठलाला उद्देशून रचलेले अभंग गिटार व ड्रमच्या साथीने गाणारा 'अभंग रिपोस्ट' हा बँड मुंबईत उभा राहिला.

ध्वनिमर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येतो. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. हे दिवस बहुतांशी गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि वर्षअखेर यांसाठी खर्ची पडतात.

या नियमांचा परिणाम केवळ रॉक संगीतापुरता नाही. सवाई गंधर्व महोत्सवातील रात्रभराच्या मैफली संपल्या आणि पहाटेचे राग मंडपातून जवळजवळ हद्दपार झाले. तमाशाच्या फडांनाही रात्र आखडती घ्यावी लागली. रॉक महोत्सवांना मात्र संध्याकाळ व रात्रीचा पहिला प्रहर एवढाच काळ हाती असल्याने ते दुपारीच सुरू करावे लागतात, आणि दुपार सोसवते ती हिवाळ्यातच.

हिवाळ्याची एक अडचण आहे. स्वच्छ आकाशाच्या थंड रात्री जमिनीलगतची हवा लवकर गार होते व वरची हवा तुलनेने उबदार राहते. अशा स्थितीत वर जाणाऱ्या ध्वनिलहरी पुन्हा खाली वळतात आणि आवाज दूरपर्यंत ऐकू येतो. श्रोत्यांना सुखकर असलेली रात्र आसपासच्या रहिवाशांना त्रासदायक ठरते ती यामुळे. विशेषतः खर्जातील ध्वनी भिंतींनी पुरेसा अडत नाही. ध्वनिक्षेपकांच्या रांगा प्रेक्षकांकडे खाली झुकवणे, मैदानाच्या मध्यावर दुय्यम ध्वनिक्षेपक उभारून मुख्य रंगमंचाचा आवाज कमी ठेवणे आणि रंगमंचाचे तोंड वस्तीपासून वळवणे हे उपाय केले जातात.

प्रवेश व व्यवस्था

प्रवेश तिकिटाने असतो आणि द्वारावर मनगटी पट्टी बांधली जाते. आतील खरेदी अनेकदा याच पट्टीत भरलेल्या रकमेतून होते. बाहेरचे अन्नपाणी बहुधा आत नेऊ दिले जात नाही, म्हणून पिण्याच्या पाण्याची मोफत सोय हा श्रोत्यांच्या दृष्टीने कळीचा विषय असतो. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे ही किमान वयोमर्यादा असल्याने ओळखपत्र पाहून वेगळ्या रंगाची पट्टी देण्याची पद्धत आहे. आयोजकांना पोलीस, अग्निशमन दल, स्थानिक प्रशासन आणि उत्पादन शुल्क विभाग यांच्या परवानग्या घ्याव्या लागतात. ध्वनिमुद्रित संगीत वाजवण्याचे व रचनांच्या सादरीकरणाचे स्वामित्वशुल्क वेगळे भरावे लागते.