समुद्रात तेल सांडलं, तर राज्य सरकार काय करतं?

२५ मे २०२५ ला कोचीपासून साधारण ३८ सागरी मैलांवर 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज बुडालं. जहाजावरचे २४ जण वाचले. पण टाक्यांमध्ये सुमारे ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल होतं. शिवाय ६४० कंटेनर होते, त्यातल्या काहींत घातक रसायनं. "हे तर कोस्ट गार्डचं काम!" असं वाटतं ना? ते अर्धंच खरं आहे.

जबाबदारी कुणाची?

भारतात यासाठी राष्ट्रीय आराखडा आहे. त्यानुसार:
- खुल्या समुद्रात: तटरक्षक दल
- बंदराच्या हद्दीत: ते बंदर
- किनाऱ्यावर: राज्य सरकार

म्हणजे तेल वाळूला लागलं की गोळा करणं राज्याकडे येतं.

आधीची तयारी

तेल अडवायला पाण्यावर तरंगणारे अडथळे टाकतात, त्यांना बूम म्हणतात. ते सगळ्या किनाऱ्याला पुरणं शक्यच नाही. म्हणून आधी काय वाचवायचं, हे नकाशावर आधीच ठरलेलं हवं: खाडीची तोंडं, खारफुटी, कासवांची अंडी घालायची जागा. खारफुटीच्या मुळांत शिरलेलं तेल काढणं फार अवघड असतं. गोळा केलेली तेलकट वाळू कुठे टाकायची, हेही आधीच ठरवावं लागतं.

तेल कुठे जाणार, हे कसं कळतं?

हा माझा आवडता भाग. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेकडे यासाठी संगणकीय मॉडेल आहे. जागा, वेळ, तेलाचा प्रकार आणि प्रमाण दिलं की ते तवंगाचा मार्ग सांगतं. ढोबळ गणित सोपं आहे: तवंग पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहतो, वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेग मिळतो. वारा ताशी ४० किमी असेल, तर नुसत्या वाऱ्याने तवंग दिवसभरात २९ किमी सरकतो.

पावसाळी ढगांतून साधा उपग्रह कॅमेरा काही बघू शकत नाही, रडार बघतं. तेलामुळे बारीक लाटा दबतात आणि तो भाग रडारच्या चित्रात काळा दिसतो. पण वारा पडल्यावर शांत पाणीही तसंच दिसतं, म्हणून विमानातून खात्री करावी लागते.

केरळने काय केलं?

किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरला हात लावू नका, २०० मीटर लांब राहा आणि ११२ वर कळवा, असं लोकांना सांगितलं. बुडालेल्या जहाजापासून २० सागरी मैलांत मासेमारी थांबवली. २९ मे ला ही घटना राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. नंतर उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला.

दाव्यात नुकसान सिद्ध करावं लागतं. आधी किती मासे मिळायचे, पाणी कसं होतं, याची नोंदच नसेल तर 'नंतर' कशाशी ताडून बघणार? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुने लॉग जपतो, तसंच हे. मच्छीमाराची भरपाई अशा नोंदींवर अवलंबून असते.

आपल्याकडेही ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' ही जहाजं धडकली होती, तेव्हा तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आलं होतं.

किनाऱ्यावर तवंग दिसला तर हात लावू नका. फोनचं लोकेशन चालू ठेवून लांबूनच फोटो काढा आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ वर कळवा. तो फोटोही एक नोंदच आहे.