छापील पानाचे वाटेकरी

पुस्तकावर लेखकाचे नाव ठळक असते, प्रकाशकाचेही असते. 'अक्षरजुळणी' ही ओळ आतल्या पानावर बारीक टाइपात येते, आणि तीतही पुष्कळदा माणसाऐवजी दुकानाचेच नाव असते. हा माणूस दुकानाआड कसा गेला, हे पाहावयाचे तर आरंभ आपल्या बीड जिल्ह्यातूनच करता येतो.

अंबाजोगाईचे दासोपंत सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधीवर होऊन गेले. सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय लिहून काढला. तीच प्रसिद्ध पासोडी. तीत ओव्या आहेत, तशाच आकृत्याही आहेत. आकृतीला जागा किती ठेवावयाची आणि ओवी कोठे बसवावयाची, हा विचार तेथे अर्थाच्या विचाराबरोबरच करावा लागला असला पाहिजे. लिहिणे आणि मांडणे यांची फारकत तोवर झाली नव्हती.

ती छापखान्याने केली. लेखक घरी लिहू लागला आणि खिळे जुळवणारा कप्प्यांपुढे उभा राहिला. तरीही मराठी छपाईला जे वैभव आले, ते या दोघांच्या मेळानेच. टाइप घासण्याच्या हलक्या नोकरीपासून सुरुवात केलेल्या जावजी दादाजी चौधरी यांनी मुंबईत 1864 साली टाइपांचा कारखाना आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या टाइपांची सुबक अक्षरे राणोजी रावजी आरू यांच्या हातची. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो खिळे लागत. ते कमी करण्याच्या खटाटोपात लोकमान्य टिळकांसारखा संपादकही पडला. अक्षराची अडचण ती लेखकाचीच अडचण, हे त्यांनी ओळखले होते.

1985 साली अमेरिकेत ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आणि ॲपलचा लेझर छपाईयंत्र आले, आणि छापखाना मेजावर मावू लागला. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामाला जोर चढला. पुढे तालुक्याच्या गावीही डीटीपीची दुकाने निघाली. खिळ्यांचे कप्पे भंगारात गेले; कप्प्यांपुढचा माणूस कोठे गेला, हे फारसे कोणी विचारले नाही.

मात्र या दुकानांत लेखक आणि मांडणी करणारा पुन्हा शेजारी बसले. ऊसतोड कामगारांची पत्रके आम्ही अशीच बसून काढली. "दर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत घ्या, माणूस ट्रकमध्ये चढता चढता वाचणार आहे," असे ऑपरेटरने सुचवावे आणि आम्ही आमचा लांबलचक आरंभ खाली न्यावा, असे कितीदा झाले! ही सूचना केवळ सजावटीची नव्हती. उचल किती आणि दर काय, हे ज्याला कळले तोच मुकादमाला प्रश्न विचारू शकतो.

अडचण होती ती वेगळीच. प्रत्येक सॉफ्टवेअरची अक्षरांची सांकेतिक रचना निराळी. एका दुकानातला मजकूर दुसरीकडे उघडला की अगम्य चिन्हांचा ढीग दिसे. लेखक त्या दुकानाला बांधला जाई. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमुळे ही बेडी हळूहळू सैल झाली. विंडोज 2000 बरोबर आलेला 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी यांनी घडवला. ते अक्षरकार होते आणि कवीही होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आज लेखक मोबाइलवर मजकूर लिहून पाठवतो. शेजारचे बसणे पुन्हा सुटत चालले आहे. अनेक ठिकाणी दर पानावर ठरतो, आणि दुरुस्त्यांचे पाच-सात फेरे त्याच दरात उरकावे लागतात. म्हणून आमचे मागणे साधे आहे: दुरुस्तीच्या फेऱ्यांचे दाम वेगळे धरावे, आणि 'अक्षरजुळणी'पुढे दुकानाबरोबर माणसाचेही नाव छापावे. पान दोघांचे आहे. दोघांची दखल त्यावर असावी.