टोळी, मोहल्ला आणि आपली मुले

काही वर्षांपूर्वी माझ्या नववीच्या वर्गातला एक मुलगा शाळेला दांड्या मारू लागला. मुलगा हुशार होता. गणितात वर्गातल्या पहिल्या पाचांत असायचा. चौकशी केली तेव्हा समजले की, तो दिवसभर नाक्यावरच्या मोठ्या पोरांबरोबर असतो, त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरतो आणि मारामारीच्या एका प्रकरणात पोलीस चौकीवरही जाऊन आला आहे. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतले आणि शिक्षक नेहमी सांगतात तेच सांगितले, "आधी त्याची ती संगत तोडा."

वडील हातगाडीवर फळे विकणारे गृहस्थ. शांतपणे म्हणाले, "सर, संगत सोड म्हणून मी त्याला रोज सांगतो. पण ती पोरं आमच्याच गल्लीतली. गल्ली सोडून पोराला घेऊन जाऊ कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे उत्तर पुस्तकांत शोधू लागलो. तेव्हा आढळले की, नेमका हाच प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहरात विचारला गेला होता, आणि तिथल्या काही माणसांनी त्याचे उत्तर मोठ्या कष्टाने शोधले होते. ती हकिगत पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

कारखान्यांचे शहर

१८३० च्या सुमारास शिकागो म्हणजे सरोवराकाठची एक लहानशी वस्ती होती. १८९० मध्ये तिची लोकसंख्या दहा लाखांवर गेली आणि १९३० मध्ये ती ३३ लाखांच्या पुढे होती. रेल्वे, पोलादाचे कारखाने आणि प्रचंड कत्तलखाने यांना मजूर हवे होते. ते युरोपातून आले. आधी जर्मन, आयरिश व स्वीडिश, मागून पोलिश व इटालियन. पुढे अमेरिकेच्याच दक्षिण भागातून कृष्णवर्णीय कुटुंबे आली. आईबाप खेड्यातले, मुले शहरात वाढलेली. आईबापांची भाषा घरात आणि मुलांची भाषा रस्त्यावर. खोल्या इतक्या लहान, की मुलांना रस्त्याखेरीज जागाच नव्हती.

तिथल्या सुज्ञ लोकांना याची जाणीव लवकर झाली. १८८९ मध्ये जेन अॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन स्त्रियांनी गरीब वस्तीत 'हल हाऊस' ही संस्था काढली व त्या स्वतः तिथे राहू लागल्या. १८९९ मध्ये अमेरिकेतले पहिले बालन्यायालय याच शहरात सुरू झाले. तोवर अल्पवयीन मुलांनाही मोठ्या गुन्हेगारांच्या न्यायालयात उभे राहावे लागे.

तरीही टोळ्या वाढतच गेल्या. फ्रेडरिक थ्रॅशर या अभ्यासकाने गल्लोगल्ली फिरून त्यांची पाहणी केली आणि १९२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने १३१३ टोळ्यांचा विचार केला आहे. त्याचे म्हणणे आपण पालकांनी नीट ध्यानात घ्यावे असे आहे. टोळी कोणी ठरवून काढत नाही. एकत्र खेळणाऱ्या मुलांचा तो एक साधा गट असतो. शेजारच्या गल्लीतल्या मुलांशी भांडण होते, दुकानदार हाकलून देतो, पोलीस मागे लागतात. आणि प्रत्येक संकटात तो गट अधिक घट्ट होत जातो. मुलाला तिथे नाव मिळते, मान मिळतो, पाठीशी उभे राहणारे दोस्त मिळतात. घरात आणि शाळेत जे मिळाले नाही ते तो नाक्यावर मिळवतो.

नकाशाची साक्ष

या सुमारास शिकागोच्या वर्तमानपत्रांत नेहमीची भाषा चालू होती. अमक्या देशाचे लोक जात्याच भांडखोर, तमक्यांच्या रक्तातच चोरी. क्लिफर्ड शॉ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला हे पटेना. सुटून आलेल्या आणि देखरेखीखाली ठेवलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम त्याने केले होते, त्यामुळे त्याला ही मुले जवळून ठाऊक होती. हेन्री मॅके या सहकाऱ्याला घेऊन त्याने बालन्यायालयाच्या जुन्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक मुलाच्या घराच्या जागी शहराच्या नकाशावर एकेक ठिपका दिला. १९०० नंतरचा, १९१७ नंतरचा आणि १९२७ नंतरचा असे तीन काळांचे नकाशे त्यांनी तपासले.

नकाशांनी विलक्षण गोष्ट दाखवली. शहराच्या मध्यभागाजवळ आणि कारखान्यांच्या कडेला ज्या वस्त्यांत ठिपके दाट होते, त्याच वस्त्यांत पंचवीस-तीस वर्षांनीही ते दाट होते. दरम्यान वस्तीतली माणसे मात्र पार बदलली होती. जर्मन आणि आयरिश तिथून गेले, त्यांच्या जागी इटालियन आणि पोलिश आले. ज्यांना पूर्वी गुन्हेगार म्हणत, त्यांची मुले चांगल्या वस्तीत राहायला जाताच न्यायालयात दिसेनाशी झाली. आणि नव्याने आलेल्यांची दिसू लागली. १९४२ मध्ये शॉ आणि मॅके यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले. दोष रक्तात असता, तर तो माणसांबरोबर दुसऱ्या वस्तीत गेला असता. तो मागे, त्याच गल्लीत राहिला.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीय कुटुंबांना मिळवते झाल्यावरही चांगल्या वस्तीत जाता येत नव्हते. त्यांना घर विकायचे नाही, असे करार गोरे घरमालक आपसांत करीत. अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पण व्यवहारात दारे त्यानंतरही बंदच राहिली. ज्यांना गल्ली सोडता आली ते सुटले. ज्यांना सोडू दिली नाही त्यांच्या मुलांना पुन्हा जातीवरून नाव ठेवले गेले. भाड्याच्या घरासाठी फिरताना नाव सांगताच ज्यांना नकार ऐकावा लागला आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

गल्लीतलाच माणूस

मग ज्यांना गल्ली सोडता येत नाही त्यांनी काय करावे? शॉने यावर प्रयोग केला. १९३२ मध्ये दक्षिण शिकागोतील रसेल स्क्वेअर या भागात त्याने कामाला आरंभ केला. पोलादाच्या कारखान्याला लागून असलेली ही पोलिश मजुरांची वस्ती होती. १९३४ मध्ये या कामाला 'शिकागो एरिया प्रोजेक्ट' या नावाने संस्थेचे रूप आले.

बाहेरून साहेब पाठवून उपदेश करायचा नाही, हे त्याचे पहिले तत्त्व होते. त्याने त्या वस्तीतल्याच माणसांची समिती बनवली. तिथल्या चर्चच्या तळघरात मुलांचे मंडळ सुरू झाले. खेळांचे सामने, उन्हाळी शिबिरे सुरू झाली. पगारी कार्यकर्तेसुद्धा शक्यतो त्याच गल्लीत वाढलेले नेमले; त्यांत पूर्वी स्वतः उनाडक्या केलेलेही होते. हे कार्यकर्ते कचेरीत बसत नसत. फुटपाथच्या कडेला, नाक्यावर मुलांशी गप्पा मारत. मुलगा पकडला गेला की, चौकीवर जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकत. शाळेतून काढला तर शिक्षकांना भेटत. सुधारगृहातून सुटून आलेल्याला कामधंदा पाहून देत. वाया गेला म्हणून कोणालाही टाकायचे नाही, असा त्यांचा बाणा होता.

सुधारगृहाचा अनुभव त्यांच्यासमोर होता. तिथे पाठवलेला मुलगा बहुधा अधिक तरबेज होऊन परते. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हाइस लॉर्ड्स' ही शिकागोतील मोठी टोळी एका सुधारगृहातल्या मुलांनीच बांधली, यावरून काय ते समजावे.

या प्रयोगाने टोळ्या नाहीशा झाल्या असे मी म्हणणार नाही. त्याचा परिणाम मोजणे अवघड होते, हे पुढच्या अभ्यासकांनीही मान्य केले. मात्र पन्नास वर्षांनंतर, १९८४ मध्ये, रसेल स्क्वेअरच्या कामाची पुन्हा तपासणी झाली तेव्हा ते लाभदायक ठरले असावे, असाच निष्कर्ष निघाला. शॉच्याच हाताखाली काम केलेले सॉल अलिन्स्की यांचा आक्षेपही विसरता येत नाही. मजुरी आणि रोजगार यांचा प्रश्न सोडवल्याशिवाय नुसत्या खेळांनी भागणार नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून १९३९ मध्ये त्यांनी कत्तलखान्यांजवळच्या वस्तीत चर्च, कामगार संघटना आणि रहिवासी यांची एकत्रित परिषद उभारली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दक्षिण शिकागोचा तो पोलादाचा कारखाना १९९२ मध्ये बंद पडला आणि कष्टाळू हातांचा मोठा आधार गेला.

शिकागोपासून नागपाड्यापर्यंत

या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनतर्फे १९२५ मध्ये मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उभारले. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशा सर्वांची ती दाट वस्ती. 'हल हाऊस'सारख्या संस्थांच्या धर्तीवरचे हे काम होते. १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी जी संस्था टाटांच्या देणगीतून निघाली, तिचे पहिले संचालक हेच मॅनशार्ट होते. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. नागपाड्याचे नाव पुढे बास्केटबॉलच्या मैदानावर गाजले, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. एखाद्या मोहल्ल्याची ओळख पोलिसांच्या वहीतूनच व्हावी, असा काही नियम नाही.

आपण काय करावे?

पालकहो, शिकागोने शिकवलेल्या गोष्टी साध्या आहेत. आपल्या मुलांना कोणी जन्मतः वाईट म्हटले तर ते मानू नका. पण मोहल्ल्यात सारे ठीक आहे असे म्हणून डोळेही मिटू नका. मोहल्ल्यात संध्याकाळी उघडी राहणारी अभ्यासिका असावी, एखादे मैदान असावे. दहावीला नापास झालेल्या मुलाची चौकशी त्याच आठवड्यात व्हावी. चौकीवर मूल नेले गेले तर जाणारी चार जबाबदार माणसे असावीत. यासाठी फार पैसा लागत नाही. वेळ लागतो, आणि आपलीच माणसे लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातला जो शिकून पुढे जाईल त्याने मागे वळून आपल्या गल्लीत आठवड्यातून एक तास तरी द्यावा. तुमचा शब्द नाक्यावरचा मुलगा जितका ऐकेल, तितका माझा ऐकणार नाही.

आणि आम्ही शिक्षक? त्या मुलाच्या वडिलांना मी शाळेत बोलावले होते. मी स्वतः मात्र त्या नाक्यावर गेलो नव्हतो. शाळेच्या पटावरून त्याचे नाव कमी झाल्यावर गेलो. पहिल्या दिवशी पोरे उठून निघून गेली. मी जात राहिलो. पुढच्या वर्षी त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. रोज सकाळी त्याला परीक्षा केंद्रावर सोडायला कोण येत असे? त्याच नाक्यावरचा एक मोठा मुलगा, त्याच मोटारसायकलवरून.

ज्या संगतीला तोडा म्हणून मी सांगितले होते, तिच्यातही एक हात मदतीला होता. तो मला आधी दिसला नाही, कारण मी गल्लीत कधी पाऊलच टाकले नव्हते.