वरूडचं पाणी कुणाच्या रजिस्टरमध्ये?

1990 साली अमेरिकेत पीटर सेंगे यांचं 'द फिफ्थ डिसिप्लिन' आलं. संस्थेनं आपल्या टेबलापुरतं न बघता सगळी व्यवस्था एकत्र बघावी, असं सांगणारं पुस्तक. त्याच वर्षी महाराष्ट्रानं रोजगार हमीतून फळबाग योजना सुरू केली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वरूडचा इतिहास वाचताना मला त्या सोबतच आठवतात.

वरूडात संत्रा त्याआधीपासून होता, त्यामुळे सगळं खापर योजनेवर फोडणं अन्यायाचं. पण तिचा हिशेब बघा. अनुदान टप्प्यांत मिळायचं, किती रोपं जगली ते बघून. रोप जगवायचं तर उन्हाळ्यात पाणी लागतं. म्हणजे कागदावर जगलेली झाडं वाढली की जमिनीखालचा उपसाही वाढला. वीज मंडळानं पंपांच्या जोडण्या मोजल्या, बँकांनी कर्जवसुली. भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींची पातळी मोजत होती, पण बोअर थांबवणं तिच्या हातात नव्हतं. प्रत्येक खातं आपापल्या परीक्षेत पास झालं आणि तालुका 'अतिशोषित' यादीत गेला.

संस्थेला जोखायची माझी कसोटी साधी आहे: आपल्या यशाचा खर्च कुणाच्या खात्यात पडतो, हे तिला ठाऊक आहे का?

1993 चा भूजल कायदा इथे कमी पडतो. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरांत परवानगीशिवाय नवी विहीर नको, एवढ्यावर त्याचा भर. 2009 च्या कायद्यानं 60 मीटरांखालच्या विहिरींना मनाई केली. तो लागू व्हायला 2014 उजाडलं. 60 मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. वरूडचे बोअर त्याखाली केव्हाच गेले होते.

2016 मध्ये पानी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप झाला. निवडलेल्या तीन तालुक्यांत वरूड होतं (इतर दोन अंबाजोगाई आणि कोरेगाव). गावं उन्हात राबली, चर खोदले, बांध घातले. हे काम मला मोठं वाटतं. पण दीड महिन्यात अडवलेलं पाणी मोजता येतं; पुढच्या पाच वर्षांत कोण किती उपसणार, ते नाही.

त्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ गेली ती 2019 ची अटल भूजल योजना. वरूडही तिच्यात आलं. गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायचा, वेगवेगळ्या खात्यांचा पैसा त्या आराखड्याला जोडायचा. या ताळेबंदात पिकाचं पाणी खर्चाच्या बाजूला येतं. तुमचं गाव तालुक्यात असेल तर ग्रामपंचायतीत तो मागून बघा, आणि अंबिया बहारासाठी किती पाणी धरलंय ते आधी शोधा.