उतरवलेला गिलावा

विदर्भातून गोव्याला जाणाऱ्या सहलीत जुना गोवा सहसा चुकत नाही. बस थांबते, मंडळी उतरतात. रस्त्याच्या एका अंगाला पांढरंशुभ्र से कॅथेड्रल आणि दुसऱ्या अंगाला तांबूस दगडांची बॉम जीझस बॅसिलिका. बघणारा सहज म्हणून जातो, की हे लाल चर्च जास्त जुनं दिसतं. प्रत्यक्षात से कॅथेड्रलचं बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं आणि बॉम जीझसची पायाभरणी झाली 1594 मध्ये. ते जुनं दिसतं, कारण ते जुनं दिसावं म्हणून तसं केलं गेलं. आणि तेही विसाव्या शतकात.

जेझुइट पंथीयांचं हे चर्च 1605 मध्ये पूर्ण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव इथे आहे. त्याखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराची, टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं भेट दिलेली, 1698 मध्ये बसवलेली. आपल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र दर्शनी भिंतीत आहे. तिथले खांब आणि कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे, तो वसईहून आणलेला. चिमाजी आप्पांनी वसई घेतली 1739 मध्ये. म्हणजे हा सह्याद्रीचा पाषाण त्याच्या शतकभर आधीच गोव्याला पोचला होता. बाकीच्या भिंती जांभ्याच्या, आणि त्यांवर चुन्याचा गिलावा होता. जुन्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो.

1950 च्या दशकात हा गिलावा उतरवण्यात आला. काम पोर्तुगालहून आलेल्या बाल्ताझार कास्त्रो या वास्तुतज्ज्ञाचं. सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालमध्ये अशी रीतच पडली होती, की चर्चवरचे नंतरचे थर खरवडून काढायचे, दगड उघडा करायचा आणि इमारतीला मध्ययुगाचा चेहरा द्यायचा. तिकडच्या ग्रॅनाइटला ते एकवेळ सोसलं. जांभ्याचं गणित निराळं आहे.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्यारानं सहज कापता येतो, हवा लागली की टणक होतो. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं, ते ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. पण तो सच्छिद्र असतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेव्हा जांभ्याची भिंत आणि पाऊस यांच्यामध्ये काहीतरी हवंच. ते काम शिंपल्या भाजून केलेला चुना करत असे. शिवाय चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं, म्हणून जुन्या भिंतीला सिमेंटचा लेप देणं हा उपायापेक्षा अपायच अधिक.

हे समजायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. आमचं गोंदिया जिल्ह्यातलं बिरसी बाहेरच्यांना ठाऊक आहे ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेल्या धावपट्टीमुळे. पण गावातल्या मातीच्या घरांत पावसाळा सरला की बायका भिंती छाबतात, सारवतात. लेप दरवर्षी झिजायचाच असतो, तो झिजतो म्हणून भिंत टिकते. चुन्याचा गिलावाही तसाच, बळी जाण्यासाठीच लावलेला.

चर्च खरवडण्याचा हा हव्यास काही एकट्या पोर्तुगीजांचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्याला ‘रिस्टोरेशन’ हे भारदस्त नाव होतं, आणि त्यातले अग्रणी होते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. हेच ते, ज्यांनी मुंबईत पाऊल न ठेवता राजाबाई टॉवरचा आराखडा लंडनहून पाठवला. ट्यूक्सबरीच्या मठ-चर्चवर त्यांचं काम सुरू होणार हे कळल्यावर कवी विल्यम मॉरिस खवळले आणि 1877 मध्ये त्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी. त्यांचं म्हणणं असं, की इमारतीला रोज निगा द्या, गळती थांबवा, पण तिला कल्पनेतल्या काळात परत नेऊ नका. माझ्या मते या विषयावर इतकं शहाणपणाचं दुसरं कोणी फारसं बोललेलं नाही.

1986 मध्ये गोव्याची चर्चेस जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा बॉम जीझसच्या भिंती उघड्याच होत्या. 2020 मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरांनी जाहीरपणे मागणी केली, की दगड झिजतो आहे, गिलावा परत चढवा. इमारत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असल्यानं निर्णय एकट्या चर्चचा नाही. अडचण निव्वळ सरकारीही नाही. सत्तर वर्षांत लाल भिंत हीच लोकांच्या मनातली ‘खरी’ भिंत झाली आहे. पोस्टकार्डावर ती, पर्यटनाच्या जाहिरातीत ती. ती पांढरी केली तर अनेकांना वारसा बिघडवला असंच वाटेल. मला विचाराल तर चुना लावावा. चार पावसाळे लोक कुरकुरतील.

नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात झेवियर यांच्या अवशेषांचं दर्शन खुलं होतं. लाखो भाविक आले, बॅसिलिकेसमोर उभे राहून त्यांनी छायाचित्रं काढली. त्या सगळ्यांत मागे दिसतो तो कास्त्रोंनी उघडा केलेला जांभाच.